किती ओढू?

मानाजीने सगुणेला तो सल्ला दिला, तेव्हा त्याच्या अंगणात तिसरे कोणी नव्हते. ही गोष्ट सांगणारीही नव्हती. तिथे जे बोलणे झाले, ते पुढे मानाजीच्याच तोंडून गावाला कळले. स्वतःला कमीपणा आणणारी गोष्ट माणूस सहसा रचून सांगत नाही, एवढ्याच आधारावर ती इथे खरी मानली आहे.

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. मानाजी हा तिथला जाणता तिरंदाज. त्याच्याजवळ चार धनुष्ये होती आणि हवे होते ते पाचवे. गावातल्या एका दिवंगत कारागिराने घडवलेले ते शेवटचे धनुष्य, दोरी उतरवून, त्याच्या घरात आढ्याला टांगलेले होते. मानाजी बारा वर्षे दर दसऱ्याला ते मागत असे आणि कारागिराची पत्नी तुळसाक्का दर दसऱ्याला नाही म्हणत असे.

त्या वर्षी गावची सुईण सगुणा तुळसाक्काकडे गेली. चाळिशी उलटल्यावर तिला तिरंदाजी शिकायची हौस आली होती. नाचणीचे एक पोते देऊन ती धनुष्य घेऊन आली.

मानाजी तडक तुळसाक्काच्या दारात उभा राहिला.

“आक्का, बारा वर्षं तुझा उंबरा झिजवला.”

“झिजवलास खरा. बदलावाच लागेल आता.”

“तिला बाण कुठल्या बाजूनं लावतात, तेसुद्धा ठाऊक नाही.”

“शिकेल की. तुझ्याकडे चार आहेत, तिच्याकडे एकही नव्हतं.”

त्याच्या नेमात खोट काढली असती, तर मानाजी हसून परतला असता. पण तुळसाक्काने त्याच्या नेमाचा विचारच केला नव्हता, आणि ते त्याला सोसवले नाही.

त्या गावात एक रीत होती. धनुष्य घेणाऱ्याने जाणत्या तिरंदाजापुढे नारळ ठेवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: ‘किती ओढू?’ धनुष्याचे आयुष्य त्या उत्तरावर ठरे. वर्षानुवर्षे विसावलेला बांबू एकदम ताणला, तर तडकतो. त्याला हळूहळू जागवावे लागते: पहिले वर्षभर दोरी छातीपर्यंतच ओढायची, मग हनुवटीपर्यंत, आणि फार पुढे कानापर्यंत.

सगुणेने नारळ ठेवला. “मानाजीदादा, किती ओढू?”

मधाच्या रंगाचा तो बांबू मानाजी कितीतरी वेळ पाहत राहिला.

“कानापर्यंत,” तो म्हणाला. “अगदी पहिल्या दिवसापासून.”

त्यानंतर तो वाट पाहू लागला. सगुणा घरामागच्या परसात, कुंपणाआड सराव करी. तिच्या दोरीचा टणत्कार मानाजीच्या ओसरीपर्यंत ऐकू येई. तो कान देऊन बसे, पण त्याला हवा असलेला कडकडाट काही होईना. सराव पाहायला मात्र तो एकदाही गेला नाही. ते धनुष्य तिच्या हातात त्याला पाहवलेच नसते.

असे सहा महिने गेले. पारावर लोक चेष्टा करू लागले.

“मानाजी, तुझी चार एका पारड्यात अन् सगुणाबाईचं एक दुसऱ्या पारड्यात. काय म्हणतोस?”

मानाजीला जेवण जाईना. कानापर्यंत ओढूनही जे टिकले, ते धनुष्य केवढे जातिवंत असेल, हाच विचार त्याला पोखरू लागला. सगुणा ते कानापर्यंत ओढते, याला त्याच्या स्वतःच्या सल्ल्याखेरीज कसलाही पुरावा नव्हता, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

चैत्रातल्या जत्रेत नेमबाजी लागली. सगुणेची पाळी येण्याआधीच मानाजी पुढे झाला.

“आण ते इकडे. त्याची खरी ताकद लोकांना दाखवतो.”

“घ्या की, दादा. पण...”

“पण काय?”

“काही नाही. जाणते तुम्ही.”

मानाजीने बाण लावला आणि दोरी थेट कानापर्यंत ओढली. बांबू मधोमध फुटला. एक कामटी त्याच्या गालात घुसली आणि वरचा तुकडा त्याच्या पायाशी पडला.

“तू तर सहा महिने कानापर्यंत ओढत होतीस,” तो कसाबसा म्हणाला.

“छे हो. माझ्याच्यानं दोरी छातीपलीकडे ओढवतच नव्हती. तुमचा शब्द पाळता येईना, म्हणून सांगायची लाज वाटली.”

मग गालाचे रक्त पुसत, साऱ्या मैदानासमोर, मानाजीने त्या दिवशी अंगणात काय सांगितले होते आणि खरे काय सांगायला हवे होते, ते कबूल केले. त्याचा नेम पुढेही गावात सर्वांत अचूक राहिला. पण त्याच्यापुढे नारळ ठेवून ‘किती ओढू?’ असे पुन्हा कोणी विचारले नाही.

यातून घ्यायचे तात्पर्य एवढेच: मत्सरापोटी सांगितलेले खोटे दुसऱ्याला फसवील की नाही याची खात्री नसते, सांगणारा मात्र त्यात हमखास फसतो.

पुढच्या दसऱ्याला सगुणेने परगावाहून नवे धनुष्य आणले आणि पहिल्याच दिवशी, सर्वांदेखत, ते सहज कानापर्यंत ओढले. मधल्या काळात तिचे हात बळावले होते, की मानाजीच्या शब्दावर तिने मुळात विश्वासच ठेवला नव्हता, हे गावात कोणालाही ठरवता आलेले नाही.