साळिंदराने खाल्लेला विडा

मुलांनो, सागाच्या एका रानात सगळ्यांशी फटकून राहणारं एक साळिंदर होतं. कंद उकरावेत, खावेत आणि कुणी हाक मारली की बिळात शिरावं, एवढाच त्याचा उद्योग. एकदा डोंगरावर दरड कोसळली आणि रानातला एकुलता एक झरा उगमापाशीच बुजला. तीन दिवसांत पाणी आटलं. हरिणीचं पाडस तहानेनं उठेनासं झालं. उगम मोकळा करायला जावं, तर हत्ती मावणार नाही एवढी अरुंद घळ, आणि त्या घळीत बिबट्या! तेव्हा म्हाताऱ्या हत्तीनं सभा बोलावली आणि पळसाच्या पानावर एक विडा ठेवला. जो विडा उचलेल त्यानं ही कामगिरी पार पाडायची, अशी तिथली रीत.

भाव ऐकला की गिऱ्हाईक कसं दुकानाच्या छताकडे बघू लागतं? तसे सगळे आभाळाकडे बघू लागले. "माझा सुळा ठणकतोय," रानडुक्कर म्हणालं. "माझा तर पाय मुरगळलाय," माकडानं या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारत सांगितलं. तेवढ्यात उशिरा आलेलं साळिंदर वाट काढत पुढे आलं. त्यानं विडा उचलला आणि खाऊन टाकला. एकच जयजयकार झाला!

"अहो, मला वाटलं प्रसाद आहे!" साळिंदर ओरडलं. "थुंकू का?"

"उचललेला विडा थुंकता येत नाही, बाबा," हत्ती म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत येईल ना हो पाणी?" हरिणीनं विचारलं.

"मला काय विचारता, बाई! मी नुसता विडा खाल्लाय," असं पुटपुटत ते निघालं.

घळीच्या तोंडाशी दोन वाटा फुटत होत्या. एक उगमाकडे, दुसरी काटेरी जाळीखालून, साळिंदरच मावेल अशी, पलीकडच्या रानात. तिथं तळं भरलेलं, कंद रग्गड. साळिंदर खुशाल दुसऱ्या वाटेला लागलं. पण चार पावलांतच त्याची जीभ कोरडी पडली, आणि नको म्हणत असताना पाडस आठवलं. "काय कटकट आहे!" असं म्हणत ते मागे वळलं आणि घळीत शिरलं.

बिबट्या आडवा आला. "तूच का तो शूरवीर?"

"शूर कसला हो! चुकून अडकलोय," साळिंदरानं घाबरून पाठ फिरवली. पण साळिंदराची पाठ म्हणजेच त्याचं शस्त्र! बिबट्यानं झडप घातली आणि नाकात सात काटे घेऊन तो विव्हळत डोंगरापार पळाला. मग साळिंदरानं दरड उकरायला घेतली. नख्या झिजल्या, तरी कुरकुरत उकरतच राहिलं. दिवस कलायच्या आत पाणी धो धो फुटलं आणि साळिंदरासकट खाली रानात येऊन थडकलं! पाडस पोटभर प्यालं आणि टुणकन उभं राहिलं. हत्तीनं साळिंदराला सागाच्या पानांवर ठेवून मस्तकावर घेतलं. "खाली उतरवा, गरगरतंय!" ते ओरडत होतं, पण ऐकतो कोण? मिरवणूक अख्ख्या रानातून वाजतगाजत फिरली.

तात्पर्य : मोठं काम चुकून गळ्यात पडलं तरी चालतं, कुरकुरत केलं तरी चालतं, पळायची वाट मोकळी असताना जो कामाकडे वळतो, तोच खरा वीर.