पोशी धवलारीण आणि जोमाचं बोलावणं

खाडीवर पूल नव्हता, पलीकडच्या गावाला जायचं तर ओहोटीची वाट पाहत बांधावर बसून राहावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते विचारू नका. कांदळखार गावातल्या म्हाताऱ्यांनी ती आपल्या म्हाताऱ्यांकडून ऐकली, आणि त्यांनाही कोणी तारीख सांगितली नव्हती. त्या काळी कांदळखारात मिठाचे वाफे होते, वाफ्यांना मातीचे बांध होते, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात पोशी होती.

पोशी धवलारीण होती. लग्न भटजीने लावलं तरी धवलारणीने गायल्याशिवाय ते लागलं असं तिथली आगरी माणसं मानत नसत. मांडवात बसून ती धवले गायची. धवले म्हणजे बोलावणी. आधी सूर्याला बोलवायचं, मग खाडीला, मग शिवेवरच्या देवाला, आणि शेवटी त्या घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. बोलावलेलं माणूस मांडवात येऊन बसतं, न बोलावलेलं कुडाबाहेर उभं राहतं, अशी समजूत होती. आणि जित्या माणसाचं नाव चुकून मेलेल्यांत घेतलं तर ते माणूस वाचत नाही, अशीही होती. म्हणून हे काम जोखमीचं होतं, आणि पोशीशिवाय ते कोणी करत नसे.

बाकीच्या गावांतल्या धवलारणी नुसती नावं घ्यायच्या. पोशीचं तसं नव्हतं. लग्नाच्या चार दिवस आधी ती त्या घरी जायची, बायका तांदूळ निवडत असतील तिथे बसायची, हातात सूप घ्यायची आणि विचारायला लागायची.

"सासरा कसा होता गो तुझा?"

"लय चांगला होता. शूर होता, दानी होता."

"ते सगल्यांचेच मेलेले असतात. पेज कशी प्यायचा ते सांग."

मग हळूहळू निघायचं. पेज फुंकून फुंकून प्यायचा. शेवटचा घोट मांजरीला ठेवायचा. पोशी मान हलवायची, सूप खाली ठेवायची आणि उठायची. तिचं तेवढ्याने भागायचं. लग्नाच्या दिवशी मांडव भरला की ती गायची:

*पेज फुंकून पिणारा धाया बाबा, यावं मांडवाला,*
*घोट मांजरीला ठेवणारा, यावं मांडवाला.*

आणि त्या घरातली मोठमोठी माणसं, मिठाच्या गोण्या पाठीवर वाहून ज्यांच्या पाठी घट्टे पडून टणक झालेल्या, ती पागोट्याच्या टोकाने डोळे पुसायला लागायची. असं म्हणतात की ती गात असताना घरातलं मांजर उठून दारात जाऊन बसायचं. असंही म्हणतात की एका लग्नात कोणाच्याच ओठाला न लागलेल्या पेजेवरची साय हलली होती. पाहिलेला माणूस आता नाही. पण पोशी गायल्यावर रडला नाही असा माणूसही कोणाला आठवत नाही.

पोशीचा एकुलता एक मुलगा जोमा. तो मीठ वाहणाऱ्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, कामाला जायचा. एका वर्षी मचवा मुंबईकडे गेला तो परत आला नाही. मचव्यावर चार माणसं होती. तिघांच्या घरच्यांनी वर्षभर वाट पाहिली, मग पिठाचे पुतळे करून त्यांचे दिवस घातले. पुढे त्यांच्या घरी लग्नं निघाली तेव्हा पोशीने त्या तिघांना मांडवात बोलावलं. जोमाला मात्र तिने कधी बोलावलं नाही. तिच्या तोंडून नाव निघालं नाही तोवर तो मेला नव्हता. गावात कोणी त्यावर बोलू शकत नव्हतं, कारण मेलेल्यांना बोलावणारी तीच.

घरात सून होती, चांगी. जोमा गेला तेव्हा तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. फुटतील तशा सासू नव्या भरायची. सणाच्या दिवशी जोमाचं पान वाढलं जायचं, त्यावर त्याचं आवडतं सुक्या बोंबलांचं कालवण पडायचं. अशी सात वर्षं गेली.

पलीकडच्या गावात हिरू नावाचा मिठागरावरचा माणूस होता. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. ओहोटी लागली की तो अलीकडे यायचा, चांगीच्या वाफ्याचा बांध कुठे खचला असेल तर चिखल लावून द्यायचा आणि भरतीच्या आत परत जायचा. कधी जास्त बोलायचा नाही. चांगीही बोलायची नाही. पण बांध खचायचा जरा जास्तच, हे गावाला दिसत होतं.

शेवटी शेजारची ठमी पोशीच्या तोंडावर बोलली. ठमीला कोणाची भीती नव्हती.

"पोशे, तुझा पोर जिता असंल तर यत का नाय? आन मेला असंल तर ही पोर कोनाची वाट बगतं?"

"तुना काय करायचंय?"

"मना काय करायचं? दोन वर्षांनी ती म्हातारी व्हईल. मग तुमी दोघी बसा वाट बगत, मी भाकऱ्या टाकून देतंय."

पोशीने तिला दारातून हाकलून दिलं. पण त्या दिवशी संध्याकाळी बांगडीवाला आला तेव्हा तिने चांगीचा हात पुढे केला नाही. त्याला तसाच परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी ती चांगीचं हिरूशी लग्न लावायचं म्हणून पंचांकडे गेली. विधवेचं दुसरं लग्न, ज्याला पाट म्हणतात, ते तिथे चालत होतं. पण ते अंधारात व्हायचं, घराच्या मागच्या अंगाला, वाजंत्री नाही, गाणं नाही, चार माणसं आणि एक दिवा. पहिल्या नवऱ्याला कळू नये म्हणून. कळलं तर तो येऊन दोघांना छळतो, अशी भीती होती.

पंच म्हणाले, "पाट लावू. पन जोमा गेला हे तू सांगाया पायजे."

"सांगतंय. धवल्यात सांगतंय. दिवसा, मांडव घालून."

"पाटाला धवले? आन पयल्या नवऱ्याला बोलावतंस? येडी झालीस काय गो?"

"चोरून केलं तर तो भूत. बोलावून केलं तर तो पावना," पोशी म्हणाली. "आन धवले नसतील तर माझा पोर मेला नाय. मग त्याची बायको त्याची. बगा काय ते."

पोशीने नाव घेतल्याशिवाय गावात कोणी पुरतं मेलेलं धरलं जात नव्हतं, आणि हा नियम पंचांनीच पाळत आणला होता. सगळ्यात म्हातारा पंच होता तो शेवटी म्हणाला, "घाला मांडव."

चार दिवस राहिले तेव्हा पोशी आपल्याच घराच्या पडवीत बसली. चांगी तांदूळ निवडत होती. पोशीने हातात सूप घेतलं. दुसऱ्यांच्या घरी ती बसायची तशीच बसली, पण विचारायला तोंड उघडेना. आतल्या आत तिने ओळ जुळवून पाहिली. रूपाने देखणा होता. मचव्यावर सगळ्यांच्या पुढे होता. आईवर जीव होता. जे ऐकलं की ती बायकांना गप्प करायची तेच सगळं तिच्या मनात येत होतं. सात वर्षं नाव घेतलं नव्हतं, आणि तेवढ्या वेळात पोराचा देव होऊन बसला होता.

"कसा होता गो?" तिने शेवटी विचारलं.

चांगी खाली मान घालून खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "आय, त्यांना बोंबलाचं कालवन आवडत नवतं."

"काय बोलतंस?"

"तुमी वाढायच्या म्हनून खायचे. तुमी आत गेल्या की कुत्र्याला घालायचे."

पोशीच्या हातातलं सूप हलायचं थांबलं. सात वर्षं ती त्याच्या पानावर बोंबील वाढत होती. मग पोशी हसली. कितीतरी वर्षांनी हसली असं ठमी सांगायची, कारण ती कुडापलीकडून ऐकत होती.

"आजून सांग."

"गायचे."

"जोमा? तो कदी गायला नाय. लहानपनी मी शिकवायला बसवायची तर उठून पलायचा."

"तुमी दुसऱ्या गावात लग्नाला गेल्या की गायचे. बांधावर बसून. तुमचेच धवले. शब्द सगले बराबर, पन सूर..." चांगीला सांगताना लाज वाटली. "लय बेसूर, आय. वर चढायचं तिथं खाली उतरायचे. तुमाला कलू देऊ नको म्हनायचे. धवलारनीचा पोर असा गातो म्हनून लोक हसतील, म्हनायचे."

"कसं गायचा? गाऊन दाव."

चांगीने हळू आवाजात गाऊन दाखवलं. पोशीने ते पुन्हा गायला लावलं, आणि पुन्हा. जिने उभ्या जन्मात एक सूर चुकवला नव्हता ती चार दिवस चुकायला शिकत होती. वर जाणारा गळा खाली आणणं तिला सहजासहजी जमत नव्हतं. जरा बेसावध झाली की ओळ आपसूक सुरात यायची, आणि ती कपाळाला हात लावायची.

लग्न दिवसा झालं. पाटाचा मांडव कोणी पाहिला नव्हता म्हणून आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. काही नुसती भांडण बघायला आली. हिरू घाबरून बसला होता, त्याच्या कपाळावरची हळद घामाने ओघळत होती. पोशीने सूर्याला बोलावलं, खाडीला बोलावलं, शिवेच्या देवाला बोलावलं. आपल्या सासऱ्याला बोलावलं, नवऱ्याला बोलावलं. मग ती थांबली.

*बोंबील कुत्र्याला घालणारा माझा जोमा, यावं मांडवाला,* ती गायली. आणि जिथे चढायचं तिथे उतरली.

परगावची दोन माणसं हसली. म्हातारीचा गळा गेला, असं त्यांना वाटलं. पण कांदळखारातल्या ज्या ज्या माणसाने बांधावरून जाता येता जोमाला गाताना ऐकलं होतं त्या प्रत्येकाने मान वर केली, कारण तो जोमाचा सूर होता. ऐकलं अनेकांनी होतं, आणि पोशीला कळू नये म्हणून सगळ्यांनीच इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं होतं. आधी ठमी रडली. मग पंच रडले. मग सगळा मांडव रडला, आणि हसलेली ती दोन माणसंही रडली, कशासाठी ते त्यांना कळलं नाही.

असं म्हणतात की त्या वेळी ओहोटी होती, तरी खाडीचं पाणी चढलं. आवाज न करता बांधावरून आलं, वाफ्यांवरून आलं आणि मांडवाच्या कडेला येऊन उभं राहिलं. पोशीने ओळ तीनदा गायली तोवर ते तिथेच होतं. अक्षता पडल्या तसं ते मागे गेलं. इतकं पाणी येऊन गेलं, पण एका वाफ्याचाही बांध फुटला नाही, असं सांगतात. मिठागरावरच्या माणसाला पाणी आल्यापेक्षा बांध न फुटल्याचंच नवल जास्त वाटतं.

चांगी खाडीपलीकडे गेली. तिला पुढे तीन मुलं झाली, आणि ओहोटी लागली की ती चिखल तुडवत पोशीकडे यायची. पोशी आणखी पुष्कळ वर्षं गायली. जोमाला बोलवत राहा असं मरताना ती कोणाला सांगून गेली नाही.

आता खाडीवर पूल आहे. वाफे बुजले, त्यांच्यावर ट्रक उभे राहतात. लग्नात डीजे लागतो आणि तो खिडक्यांच्या काचा हलवतो. पण कांदळखारात विधवेचं लग्न आजही दिवसा होतं, मांडव घालून होतं. आणि लग्न कोणाचंही असो, अक्षतांच्या आधी डीजे बंद करतात. घरातल्या बायका पुढे येतात, आपापल्या माणसांना बोलावतात, आणि सगळ्यांच्या शेवटी जोमाला बोलावतात, घर कोणाचंही असलं तरी.

ती ओळ मुलींना शिकवावी लागते. हल्लीच्या मुली गाण्याच्या क्लासला जातात, त्यांचा गळा तयार असतो. मागच्या वैशाखात अशीच एक मुलगी ती ओळ गायला लागली आणि जिथे चढायचं तिथे छान चढली. लोकांना ते आवडलंही. पण पुढे बसलेल्या म्हातारीने तिचा हात धरला.

"सुरात नको गाऊ, बाय," ती म्हणाली. "तो वळखायचा नाय."

मुलगी थांबली. डोळे मिटून तिने एकदा मनात म्हणून पाहिलं, आणि मग ती ओळ बरोबर चुकीची गायली.