मोहोरबंद मोटार

"पाय उचलला की मोटार मरते! राजाची मोटार आणि एवढी नाजूक?" फत्तेसिंह महाराज कडाडले. चौकात प्रजेचा मुजरा घ्यायला थांबावं, तर इंजिन गप्प!

ड्रायव्हर गेनू हात जोडून म्हणाला, "सरकार, इंजिन हवेवर जगतं. पायाखालचं पेडल दाबलं की हवेची मोठी झडप उघडते, पाय काढला की मिटते. मग बाजूच्या बारीक भोकातून हवा जाते, तेवढ्यावर ते उभ्या जागी चालतं. ते भोकच आपण बुजवलंत."

बुजवलं होतंच. "हवा येईल तर राजरोस मोठ्या दारानं. चोरवाट कशाला?" असं म्हणून महाराजांनी त्यावर लाख ओतून मोहोर उठवली होती. मोहोर फोडणारा हद्दपार. संस्थान एवढंसं, की मोटार चौथ्या गिअरमध्ये पडेपर्यंत हद्द संपायची. पण गेनूचं घरदार, सोयरेधायरे सगळे इथलेच.

"परवा पाहुणे येताहेत. मोटार दारात उभी राहून चालली पाहिजे. पाय लावायचा नाही, मोहोर फोडायची नाही. नाहीतर चालता हो."

गेनूनं घरी सगळं सांगितलं. त्याची लेक बायजा गढीवर दूध घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती महाराजांना म्हणाली, "सरकार, आणखी एक चोरवाट आहे. गढीच्या मोठ्या दरवाजाच्या पोटातलं छोटं दार. माणसं चोरासारखी वाकून येतात."

"शाबास पोरी! लाव मोहोर."

लागली. मोठा दरवाजा मात्र फक्त महाराजांच्या स्वारीसाठी उघडायचा, असा रिवाज. स्वयंपाकघर गढीबाहेर, त्यामुळे दुपारी स्वयंपाकी ताट घेऊन बाहेरच अडकला. महाराज भुकेले. करतात काय? घोड्यावर बसून बाहेर पडले, तेव्हा ताट आत गेलं. परत येऊन जेवायला बसतात, तर मीठ नाही. पुन्हा स्वारी. मग लिंबासाठी. मग विड्यासाठी. अकराव्या फेरीला महाराज घोड्यावरून घसरलेच.

"माझे पाय मोडले गं. घटकाभर बसायची सोय नाही!" महाराज दाराशी उभ्या बायजाला म्हणाले.

"मोटार तरी दुसरं काय म्हणते, सरकार?"

महाराजांनी दाराची मोहोर फोडली, लंगडत जाऊन मोटारीचीही फोडली. गेनूनं किल्ली फिरवली, पाय काढला. इंजिन मजेत चालत राहिलं. एकदम महाराज दचकले. "मोहोर मीच फोडली. म्हणजे मी हद्दपार?"

"हो सरकार," बायजा म्हणाली. "बाबा आत्ता हद्दीपलीकडे सोडतील. दोन मिनिटं गाडी तिथे चालू उभी ठेवतील. शिक्षा भोगून झाली की परत आणतील."

महाराज पोट धरधरून हसले, आणि बायजाला मोटारीतून दूध घालायची सनद दिली. आता दारोदार मोटार चालू उभी असते आणि गेनू पाय पोटाशी घेऊन निवांत बसतो.