जनरलसाहेबांचे सहा महिने

“साहेबांच्या तोंडावर बसली!” एवढाच गुन्हा, आणि देदे मासेवाली थेट तुरुंगात!

झालं असं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दोंगावा नावाचा देश. तिथे जनरल तेसिगा रणगाडा घेऊन आले आणि राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीत बसले. रेडिओवरून म्हणाले, “मी शिपाई माणूस. घर झाडायला आलोय. सहा महिन्यांत खुर्ची सोडतो आणि बराकीत परत जातो!” त्याला अकरा वर्षं झाली. घरात कचरा असावा तरी किती! आणि झाडू तर कुणाच्या नजरेलाच पडला नाही.

आता साहेबांना मतं घेऊन निवडून यायची हौस आली. वर्दी पेटीत गेली, अंगावर पांढरा पायघोळ झगा आला. झग्याखाली बूट मात्र तेच.

त्या देशात मोठा दिवस असला की पुढाऱ्याचा चेहरा छापलेलं कापड निघतं आणि बाया ते कमरेला गुंडाळतात. साहेबांनी फर्मान काढलं, निवडणूक होईपर्यंत प्रत्येक बाईने माझंच कापड नेसायचं. बाया नेसल्या. कमरेच्या कापडावरचा चेहरा मागे कुठे येतो हे कुठल्याही बाईने सांगितलं असतं. पण विचारतंय कोण? फर्मान काढणारे सगळे बाप्ये! देदे बाजारात आपल्या स्टुलावर टेकली, शिपायांनी पाहिलं आणि धरली.

बरं, गप्प बसावं की नाही? म्हणते कशी, “साहेब अकरा वर्षं आमच्या डोक्यावर बसलेत. मी घटकाभर बसले तर एवढं काय झालं?”

झाली जन्मठेप!

तिची थोरली बहीण अकोफा शिंपीण. गळ्यात टेप, बाहीला टाचण्या, तशीच महालावर जाऊन उभी राहिली.

“साहेब, माझ्या बहिणीला सोडा. चूक तिची नाही, कापडाची आहे.”

“माझ्या कापडाची चूक?” साहेब गरजले. “मग तूच बाईचा पोशाख नीट शिवून दाखव! हा घे अख्खा तागा. एकही चेहरा कापायचा नाही. एकही शिवणीत जायचा नाही. एकही मागच्या बाजूला यायचा नाही. आणि चिंधी उरता कामा नये! जमलं तर बहीण सुटली. नाही तर दोघी जन्मभर आत!”

अकोफाने तागा उलगडला. वीतवीतभर अंतरावर साहेब! पुढे साहेब, मागे साहेब, काठालासुद्धा साहेब. कात्री घालायला बोटभर जागा नाही.

“शिवते,” ती म्हणाली. “पण मापाला बहीण लागेल. चेहरा मागे येतो की नाही, ते तिला उठवून-बसवूनच कळणार. तुरुंगात मशीन कुठे ठेवू?”

“ने तिला घरी. मुदत सात दिवस!”

“सात दिवसांत लग्नाचं पोलकं होत नाही साहेब, आणि हे तर तुमचं तोंड! तुम्ही रेडिओवर खुर्ची सोडायला जेवढी मुदत घेतलीत ना, तेवढीच मला द्या. तुमच्या शब्दापुढे मी जायची नाही.”

साहेब खूश! “दिली! लिही रे.”

कारकून लिहायला लागला, “सहा महि...”

“तसं नको भाऊ,” अकोफा म्हणाली. “साहेबांचे शब्द आहेत तसे घाला. ‘जनरलसाहेबांना खुर्ची सोडायला जेवढी मुदत, तेवढीच अकोफाला पोशाख शिवायला.’”

तसंच लिहिलं. साहेबांनी ऐटीत सही ठोकली आणि कागद अकोफाच्या हातात दिला.

देदे घरी आली. चौथ्या दिवशी पुन्हा बाजारात मासे विकायला लागली. तागा माळ्यावर गेला. “ताई, अगं टाका तरी घाल!” देदे रडकुंडीला यायची. अकोफा म्हणायची, “घाई काय आहे? आपली मुदत सरकारी आहे.”

सहा महिने झाले. ज्या दिवशी साहेबांचा निवडणुकीचा अर्ज भरायचा, त्याच दिवशी शिपाई दोघींना घेऊन गेले. महालात गावोगावचे मुखिया बसलेले, निवडणूक बघायला आलेले परदेशी पाहुणे बसलेले. साहेब खुर्चीत.

“कुठे आहे पोशाख?”

अकोफाने तागा पुढे ठेवला. घडीसुद्धा मोडलेली नाही.

“एक टाका नाही! मुदत काल संपली!”

“संपली?” अकोफाने तोच सहीचा कागद कारकुनाच्या हातात दिला. “वाचा भाऊ, मोठ्याने.”

कारकुनाने वाचलं. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला.

“आता साहेब, तुम्हीच सांगा,” अकोफा म्हणाली. “मुदत संपली म्हणालात, तर ही मी चालले तुरुंगात, बहिणीला घेऊन. पण मग तुमचीही संपली! उठा, खुर्ची मोकळी करा. आणि तुमची अजून चालू आहे म्हणालात, तर माझीही चालू आहे. मला कुठे घाई आहे!”

 साहेबांनी कागद ओढून स्वतः वाचला, उलटा करून पाहिला. एका म्हाताऱ्या मुखियाला हसू आवरेना, त्याने टोपीत तोंड लपवलं. परदेशी पाहुण्याने वही काढली. ती वही पाहिली मात्र, साहेब हसायलाच लागले! आधी नाइलाजाने, मग खरोखरच, पोट धरून.

“हरलो! सोडा हिच्या बहिणीला! शिंपिणीला नवीन मशीन द्या!”

“आणि ते फर्मान?”

“फाडा! ज्या बाईला जे नेसायचं ते नेसू दे, जिथे बसायचं तिथे बसू दे!”

देदे तिथल्या तिथे फतकल मारून बसली. बघायलाच नको, नेसलेलं कापड तेच होतं.

अकोफा तागा काखेत मारून निघाली. साहेबांनी मागून हाक मारली, “अगं पण, माझ्या कापडाचा पोशाख शिवून होणार कधी?”

“तुम्ही उठलात की दुसऱ्या दिवशी सकाळी!”

साहेब आणखी मोठ्याने हसले. हसताना खुर्चीचे दोन्ही हात मात्र घट्ट धरून ठेवले होते.