हरकाशेठचं गिरमिट

हरकाशेठचा तेलाचा धंदा जोरात चालला होता आणि कागदावर बिचारा दरसाल बुडत होता. भलंमोठं गिरमिट जमिनीत घालून तो दिव्याचं तेल काढायचा. तेलाच्या विक्रीतून मजुरी वगैरे जाऊन हजार मोहरा उरत. त्यातल्या नऊशे नव्वद गिरमिटाच्या भाड्यात जात. गिरमिट होतं नदीपल्याड राहणाऱ्या त्याच्या मेव्हण्याचं. पल्याडच्या राज्यात कर नव्हता, हा आपला योगायोग. मागे राहिलेल्या दहा मोहरांवर महाराजांनी काय तो कर घ्यावा आणि भागीदारांनी काय तो नफा वाटून खावा.

महाराज दरडावत, "भाडं खोटं आहे, मागचा सगळा कर भरा." शेठ म्हणे, "मग धंदाच बंद." लगेच बाजारात त्याच्या धंद्यातल्या भागांचा भाव कोसळे. भाग निम्म्या गावाने घेतले होते आणि राणीसाहेबांनीही. त्या संध्याकाळी महाराजांच्या ताटात फक्त मीठ पडे. महाराज नमतं घेत, भाव सावरे, खजिना मात्र रिकामाच राही.

अखेर महाराजांनी भर दरबारात तबकात विडा ठेवला. "पुरता कर मिळाला पाहिजे आणि भागांचा भाव चढलाही पाहिजे! जमेल त्याने विडा उचलावा. उचलून जमलं नाही, तर राज्याबाहेर."

प्रधान छताची नक्षी पाहू लागले. खजिनदारांना खोकला आला. तबक धरून उभ्या असलेल्या बायजा दासीने विडा उचलला आणि कमरेला खोचला. आईची पुतळ्यांची माळ विकून तिने एक भाग घेतला होता. ती माळ आता राणीसाहेबांच्या गळ्यात होती आणि बायजाला ती रोज पाहावी लागे.

दुसऱ्या दिवशी शेठला बोलावणं गेलं. भागीदारही जमले. दरबारात मधोमध चिखलाने माखलेलं एक गिरमिट पडलं होतं.

"शेठजी," बायजा म्हणाली, "मेव्हण्यांचं भाडं रास्तच असेल?"

"रास्त? नात्यातले म्हणून सवलत आहे. परक्याने पंधराशे घेतले असते."

"मग महाराज तुम्हाला हे गिरमिट देतात. भाडं फक्त नऊशे. नव्वद मोहरा वाचतील, भागीदार दुवा देतील."

भागीदार खूश होऊन माना डोलावू लागले. शेठला घाम फुटला. मेव्हण्याला दिलेल्या मोहरा फिरून घरी येत. महाराजांना दिलेल्या कशाला परत येतात?

"या भंगाराला नऊशे?" तो ओरडला. "दात झिजलेत, दांडा वाकलाय. दहा मोहरा भाडं फार झालं!"

"नीट बघून सांगा, शेठजी. मग फिरवाफिरव नको."

"बघितलं! माझी हयात या धंद्यात गेली. दहाच्या वर एक कवडी देणारा मूर्ख!"

"महाराज, ऐकलंत ना?" बायजा म्हणाली. "हे गिरमिट यांच्या मेव्हण्याचंच आहे. आज पहाटे तेलाच्या विहिरीवरून उचलून आणलं. शेठजींना तेलाचा वास सोसत नाही, म्हणून ते तिकडे कधी फिरकले नाहीत. आपलंच गिरमिट ते कसे ओळखणार?"

मग मागून एक भागीदार म्हणाला, "म्हणजे दरसालच्या नऊशे ऐंशी मोहरा आपल्याच होत्या की!"

"त्यातून कर जाऊनही पुष्कळ उरतात," बायजा म्हणाली.

ही बातमी शेठच्या आधी बाजारात पोचली. दुपारपर्यंत भागाचा भाव तिप्पट झाला. महाराज इतके हसले की मुकुट सावरायला प्रधानांना धावावं लागलं. "माग, बायजा, काय हवं?"

बायजा नुसती राणीसाहेबांच्या गळ्याकडे बघत राहिली. राणीसाहेबांनी आपल्या वाढलेल्या भागांचा मनातल्या मनात हिशेब केला, माळ काढली आणि स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातली.

बायजाने कमरेचा विडा काढून तोंडात टाकला.