केरबाशेठचा बेलभंडारा

एकदा एका साधूला राग आला. साधूला राग येत नसतो, असे तुम्ही म्हणाल. येतो. ज्याला कधीच येत नाही तो साधू नव्हे, भोपळा. आणि हा राग साधासुधा नव्हता. त्याने एका व्यापाऱ्याला, एका विद्वानाला आणि सबंध गावाला सोलून काढले.

गाव उसाचे. तिथे केरबाशेठ नावाचा गुळाचा व्यापारी राहत असे. नुसत्या वासावर ढेपेची जात सांगायचा. माणूस गोड, जीभ त्याहून गोड, पण व्यसन पत्त्यांचे. अड्ड्यावर बसला की दुकान विसरला, घर विसरला, आपल्याला नाव काय ठेवले होते तेही विसरला. आणि हरला की शपथ घ्यायचा.

बेलाचे पान आणि भंडारा हातात उचलून देवापुढे बोलायचे, ही तिथली सर्वांत मोठी शपथ. केरबाशेठने ती खंडोबापुढे उचलली, जोतिबापुढे उचलली, म्हसोबालाही सोडले नाही. गावातले देव संपले तेव्हा शेजारच्या गावचे वापरले. आणि प्रत्येक शपथेनंतर थोर गावकऱ्यांनी काय करावे? टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले, आणि पुढच्या बाजारी तो अड्ड्याकडे वळताना दिसला की, ‘शेठ, आता कुठला देव शिल्लक?’ म्हणून खिदळले. असे धार्मिक गाव!

अखेर एके दिवशी त्याची बायको हौसाबाई ट्रंक भरून निघाली. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात लेक. केरबाशेठ आडवा आला.

“हौसे, शेवटची. थेट मठातल्या साधूबाबांपुढे उचलतो. बाबांपुढची शपथ मोडायची कुणाची छाती आहे?”

“चला,” ती म्हणाली. “मठापर्यंत येते. माझ्या माहेरची वाट तिथूनच फुटते.”

मठात त्या दिवशी विहिरीचा गाळ काढणे चालले होते, त्यामुळे निम्मे गाव काठावर जमलेले. बाबा धोतर खोचून चिखलात उभे. परंतु शपथांचे खाते बाबांकडे नव्हते, त्यांच्या शिष्याकडे होते. शिष्य काशीला शिकून आलेला, बोलायला लागला की समास सुटता सुटत नसत. बेलभंडाऱ्याचे ताट त्याने तयारच ठेवले होते.

“श्रेष्ठी,” शिष्य म्हणाला, “संकल्प दृढ असेल तर व्यसन क्षणात नष्ट होते. मनोनिग्रह हाच एकमेव उपाय. उचला.”

केरबाशेठने डोळे मिटून हात पुढे केला. तोच चिखलाने भरलेला एक पाय आला आणि ताट उडाले. बेल एकीकडे, भंडारा दुसरीकडे. चिखल पिवळा झाला. लोकांनी तोंडावर हात ठेवले.

“बाबा! भंडारा लवंडला!” शिष्य किंचाळला.

“देव झटकून घेईल. ह्याच्यामुळं त्याला सवय झालीय,” बाबा गरजले. “केरबा, पुढं ये. गाळ काढायला उतर.”

त्यांनी स्वतः दोर केरबाशेठच्या कमरेला बांधला. मग उरलेला दोर गोळा करून दुसरे टोक त्याच्याच हातात दिले. “हं. उतर.”

केरबाशेठने कमरेकडे पाहिले, हाताकडे पाहिले. “बाबा, दोन्ही टोकं माझ्याकडंच आली की.”

“मग?”

“घसरलो तर वर ओढणार कोण?”

“तूच. संकल्प दृढ आहे ना तुझा? विचार ह्या पंडिताला.”

“चेष्टा करता काय बाबा? स्वतःला स्वतः वर ओढता येतं होय?”

“येत नाही? मग इतकी वर्षं काय करत होतास, गाढवा?”

काठावर कोणी हसणार होते. बाबांनी तिकडे नुसते पाहिले. हसू जागच्या जागी वाळले.

“ह्या विहिरीचा नियम सगळ्यांना पाठ आहे,” बाबा म्हणाले. “उतरणाऱ्यानं आपली गाठ आपण बांधायची नाही. दोर वरच्या चौघांनी धरायचा. आतल्यानं सारखी हाळी द्यायची, आणि हाळी थांबली की काही विचारत बसायचं नाही, ओढायचं. का? आतली हवा वाईट. ज्याचा श्वास कोंडतो त्याला शेवटपर्यंत वाटतं, मला काही झालेलं नाही. एवढी अक्कल मातीच्या खड्ड्यासाठी आहे तुम्हाला. आणि हा माणूस तुमच्या डोळ्यांदेखत रोज खाली जातो, तर त्याच्या हातात बेलाचं पान देता? पान धरून कोण वर आलाय?”

हौसाबाईने ट्रंक खाली ठेवली आणि केरबाशेठच्या हातातून दोराचे टोक हिसकले. “मी धरते, बाबा.”

“सोड!” बाबा तिच्यावरही ओरडले. “आजवर एकटीच धरून होतीस. एकट्यानं धरला की आत दोघं जातात. सोड, पोरी. आधी तुला कोणीतरी धरायला हवं.”

तिने सोडला. हातांकडे बघत उभी राहिली आणि इतक्या वर्षांत प्रथमच लोकांसमोर रडली.

“आता बोला,” बाबा गावाकडे वळले. “हसायला सगळे होतात. धरायला कोण?”

सगळ्यांनी आपापल्या पायांची बोटे तपासायला घेतली. मोठी प्रेक्षणीय बोटे असावीत. शेवटी यसबा शिंपी गर्दीतून पुढे आला.

“शेठ, तालुक्याला एक डॉक्टर आहेत, ह्याच रोगाचे. दर गुरुवारी तिथं आपल्यासारखे लोक बसतात. शपथ कोणी घेत नाही. आज हात शिवशिवला का, एवढं खरं सांगायचं. मी जातो.”

“तू? गुरुवारी तर तू भजनाला जातोस ना?”

“गावाला तसं सांगितलंय.”

“शाबास!” बाबांचा आवाज फाटला. “स्वतः बाहेर आलास आणि विहिरीवर झाकण ठेवून बसलास! हा आत ओरडत होता, ऐकू नव्हतं येत?”

यसबाने मान खाली घातली, पण दोराचे टोक उचलले.

केरबाशेठ पुटपुटला, “पण लोक काय म्हणतील? शेठ डॉक्टरकडं जातो...”

“लोक आत्ता काय म्हणतात ते ऐकलंयस का कधी? हाळी दे, केरबा. एकच, पण खरी.”

केरबाशेठने कमरेचा दोर चाचपला. मग बायकोकडे न बघता बोलला.

“शपथ घेतली की मला हलकं वाटतं. आणि हलकं वाटलं की मी अड्ड्यावर जातो. आजही... इथनं तिकडंच जाणार होतो.”

कोणी टाळी वाजवली नाही. हौसाबाईने पदराने तोंड पुसले.

“लग्न झाल्यापासनं पहिलं खरं बोललात,” ती म्हणाली. “मी माहेरी जाणार. गुरुवारी यसबाभाऊजींबरोबर गेलात, तर तसं त्यांनी येऊन मला सांगायचं. तुम्ही सांगायचं नाही.”

तिने ट्रंक उचलली. लेकीने वळून बापाकडे पाहिले. तो हात हलवायला गेला, पण यसबाने त्याचा दंड घट्ट धरला होता, आणि केरबाशेठने तो सोडवून घेतला नाही.

गर्दी पांगली. बाबांचा राग ओसरला तसे ते एकदम म्हातारे दिसू लागले. शिष्य जवळ येऊन बसला.

“बाबा, मी इतक्या लोकांना शपथा दिल्या. मोडल्या की समजायचो, त्यांचाच निश्चय कच्चा.”

“शपथेनंतर त्यातल्या कुणाच्या घरी गेलास?”

 शिष्य उठला, पायांत वहाणा घातल्या आणि मागच्या अमावस्येला शपथ घेऊन गेलेल्या एका कुंभाराचे घर विचारत गावात शिरला.

तेव्हा मंडळी, उद्या कोणी ‘सुटत नाही हो’ म्हणत तुमच्या दारी आला, तर उपदेश गिळा आणि त्याच्याबरोबर डॉक्टरच्या पायरीपर्यंत चाला.