बापाच्या वळणाचा मेंदू

एक वृद्ध आचार्य मानवी मेंदूची रचना शिकवत असत. आईबाप आणि त्यांची मुले यांच्या मेंदूंची छायाचित्रे जमवून ती ताडून पाहण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या एका शिष्याने हौसेने या संग्रहासाठी स्वतःचा आणि वडिलांचाही एमआरआय करवून घेतला, आणि तिथेच त्याचे बिनसले.

दोन्ही चित्रे त्याने शेजारी लावली. आकार तोच, विस्तार तेवढाच, कपाळामागचा भागही तसाच रुंद. शिष्याचा चेहरा उतरला. वडील गोंधळी होते. संबळ वाजवून घरोघरी देवीचा गोंधळ घालणारे, शाळेचे तोंड न पाहिलेले, सहीच्या जागी अंगठा उठवणारे. त्यात हा पठ्ठ्या नुकताच परीक्षेत नापास झालेला. आता आपण मठ्ठ असल्याचा पुरावाच हाती आल्यावर त्याने सामान बांधले.

"गुरुजी, निघतो," तो म्हणाला. "रक्तातच नाही ते पुस्तकातून कुठून येणार?"

आचार्यांनी त्याला अडवले नाही. "जा. पण उद्या सकाळी वडिलांना संबळ घेऊन वर्गात यायला सांग."

शिष्य बुचकळ्यात पडला. लाजही वाटली, खोटे कशाला सांगा! पण गुरूंचा शब्द मोडवेना.

दुसऱ्या दिवशी म्हातारा वर्गात उभा राहिला. संबळावर टिपरी पडली आणि गावोगावच्या देवींना नावानिशी आवतण सुरू झाले. मग आख्यान. तास संपला, दुसराही संपला. हातात कागद नाही, एक ओळ चुकली नाही. पोरे वह्या मिटून ऐकत राहिली.

मग आचार्य शिष्याला म्हणाले, "चित्रे मिळतीजुळती आहेत, हे खरेच. मेंदूच्या आकारात, ठेवणीत आईबापांचा मोठा वाटा असतो. बारीक घड्या मात्र जुळ्या भावांच्याही हुबेहूब नसतात, आणि वापराने मेंदू पुढेही घडत राहतो. तू आकार पाहिलास, तो बरोबर पाहिलास. त्यावर 'मठ्ठ' हा शेरा मात्र तुझा तू मारलास. तो कोणत्याही चित्रात नव्हता."

हे बोलणे न उमगून म्हातारा कावराबावरा झाला. "गुर्जी, एखादं गाव ऱ्हायलं का माझं?"

"नाही आबा," शिष्याने त्यांचे पाय धरले. "चुकलो मी. एवढं पाठ कसं करता, मला शिकवाल?"

"शिकवायचं काय त्यात? वाटंनं चालताना म्हणत ऱ्हायचं."

वडिलांना सोडायला शिष्य एसटी स्टँडपर्यंत चालत गेला. वाटेत मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांची नावे तो मोठ्याने म्हणू लागला. सातव्या नावाला अडखळला.

"हां," आबा म्हणाले, "पुन्यांदा. पहिल्यापास्नं."